मंगलमावशीचा चाकू आणि पाठीवरचा खटका

तोंडानं चाकू उघडायचा आवाज काढून दाखवणारी लातुरात दोनच माणसं हायेत. एक मी. दुसरा बी मीच, फक्त जीभ जरा डाव्या दाढेकडं सरकवून. उजवीकडून काढला तर साधा चाकू उघडतोय, डावीकडून काढला तर खटक्याचा. लोकांना दोन्ही सारखेच वाटतेत. मला न्हाई वाटत, आन गफूरचाचाला न्हाई वाटत. ह्या फरकावरच मला नोकरी लागली.

मी मूळचा उमरीचा. शाळेत मी गणितात कच्चा आन हेडमास्तरात पक्का. म्हंजे त्यांचा आवाज मी असा काढायचो की एकदा मधल्या सुट्टीत भिंतीआडून 'रांगेत उभे राहा' म्हणलो, तर पोरांसंगं दोन गुरुजी बी रांगेत उभे राहिले. गॅदरिंगला माइक मिळायचा, निकालाला मार मिळायचा. बारावी झाल्यावर काहीतरी कोर्स करायचा म्हून मामाकडं लातूरला आलो. मामाची शिलाईची कात्री बोथट झाली होती. तिला धार लावायला गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळीत गफूरचाचाच्या दुकानात गेलो. चाकू, कात्र्या, अडकित्ते, विळे. बनवायचं बी, विकायचं बी आन दुरुस्त बी करायचं, असं ते दुकान. चाचा माझ्याकडं पाठ करून धारेच्या चाकावर बसला होता. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं टेबलावरचा एक चाकू उघडून बघितला आन ठेवून निघून गेला. मला तो आवाज आवडला, मी तोंडानं काढला. चाचा मागं न बघता म्हणला, चाकू खाली ठेव. मी परत काढला. चाचा फिरला, तर माझे दोन्ही हात कात्रीवर.

"फिर से कर," चाचा म्हणला.

मग चाचानं एकेक चाकू उघडायचा आन मी तसा आवाज काढायचा, असा खेळ सुरू झाला. एका चाकूला चाचा म्हणला, हे चुकलं. मी म्हणलो, मी न्हाई चुकलो, तुमचा चाकूच असा बोलून राहिला. चाचानं तो चाकू डोळ्याजवळ नेला, आत बघितलं, आन विक्रीच्या टेबलावरून उचलून दुरुस्तीच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात. माझं नाव पडलं मिठ्ठू. कोर्सचं मामा अजून विचारतो.

आता जरा धंद्याचं सांगतो, कारण पुढची गोष्ट कळायला ते लागणार हाय. घाबरू नका. मला समजलं म्हंजे कुणालाबी समजतंय.

मिटायच्या चाकूत एकच भानगड असती. उघडलेलं पातं तुमच्या मर्जीशिवाय मिटलं न्हाई पाहिजे. पातं एका खिळ्यावर फिरतंय, दार बिजागरीवर फिरतंय तसं. तुम्ही काही कापून राहिलात, म्हंजे धारेकडून जोर आला, तर पातं आणखी उघडायच्या बाजूला ढकललं जातंय. तिकडं जायला जागाच न्हाई, म्हून काही होत न्हाई. पण जोर पाठीकडून आला की पातं मिटायच्या बाजूला पळतंय, आन तिथं मुठीखाली तुमची बोटं असतेत. खटका असतोय तो फक्त ह्या दुसऱ्या वेळेसाठी. बाकी दिवसभर तो रिकामा. आमच्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमनसारखा, चोर येईस्तोवर त्याला पगार कशाचा देतेत ते कळत न्हाई.

साध्या चाकूला हा वॉचमनच नसतोय. पाठीत एक कडक स्प्रिंग असती, ती पात्याच्या बुडावर दाब देती, म्हून उघडताना आन मिटताना जरा अडतंय. पेरू कापा, सुतळी कापा, मजा करा. पण त्याच्या जिवावर नवरदेव करू नका.

हे उगं न्हाई सांगत. आपल्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतेत, लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची न्हाई. निलंग्याकडच्या एका घरात ती कट्यार ऐन वेळी सापडंना. कुणीतरी जत्रेतून आणलेला साधा मिटायचा चाकू काढला, त्यालाच लिंबू टोचला. नवरदेव आपल्या मामाच्या पाया पडायला वाकला, लिंबू मामाच्या गुडघ्याला टेकला, टोकाला मागून रेटा बसला आन चाकू मिटला. लिंबू कापला गेला, रस मामाच्या डोळ्यात. मांडवात बायांची कुजबूज सुरू झाली, लिंबू कापणं चांगलं का वाईट ह्यावर दोन आज्यांचं भांडण लागलं. तेवढ्यात दोन माणसं फेटे बांधलेली, मोटारसायकलवर थेट लातूरला आमच्या दारात. एकच मागणं, वाकल्यावर वाकणार न्हाई असला चाकू द्या. चाचानं विचारलं, कोण वाकणार, चाकू का नवरा? ते म्हणले, नवऱ्याला तर वाकावंच लागणार. चाचानं पाठीवरच्या खटक्याचा चाकू दिला, त्याचं पुढं सांगतोच. पुढं सगळ्या भावकीच्या पाया पडून बी लिंबू जागचा हलला न्हाई म्हणे.

दुसरी जात आतल्या पत्र्याची. मुठीच्या आत एक पातळ पत्रा असतोय, जरा तिरका. पातं पूर्ण उघडलं की तो पत्रा सरकून पात्याच्या बुडामागं येऊन उभा राहतोय, दाराला आतून टेकण लावल्यासारखा. मिटायचं तर अंगठ्यानं तो बाजूला सारायचा. चांगला असतोय, पण नांदेडच्या एका रीलवाल्या पोरानं त्याचा जीव घेतला. हे पोरगं दिवसभर मनगटाच्या झटक्यानं चाकू उघडायचं, कॅमेऱ्याकडं बघत. झटका मारून मारून पत्र्याचं टोक झिजलं. आमच्याकडं आलं तवा तक्रार वेगळीच. म्हणलं, आवाज बारीक येतोय, मला भारी आवाजाचा द्या. चाचा म्हणला, चांगला चाकू गप्प असतोय. पोरगं नाराज झालं. चाचा नमाजाला गेला तवा मी पोराच्या मोबाइलमध्ये डाव्या दाढेचा, उजव्या दाढेचा आन दोन्ही मिळून असे आवाज भरून दिले. पोरगं खूश होऊन चाकू न घेताच नांदेडला गेलं. चाचा आल्यावर मला म्हणला, तू चाकूच्या दुकानात बसून चाकू नको म्हणायला शिकवून राहिला. पुढं त्या आवाजांची त्यानं रील केली आन तिला लई लाइक आले, हे मी चाचाला सांगितलं न्हाई.

आता तिसरी जात, पाठीवरचा खटका. हीच चाचाची खासियत, आन मंगलमावशीची गोष्ट हिच्यावरच हाय.

मुठीच्या पाठीला, लांबीभर, एक पोलादी दांडी बसवलेली असती. दांडीच्या मधोमध एक बारका खिळा. म्हंजे ती बागेतल्या सीसॉसारखी. एक टोक खाली गेलं की दुसरं वर. पुढच्या टोकाला एक दात, आन पात्याच्या बुडाला एक खाच. मागच्या टोकाखाली स्प्रिंग, ती मागचं टोक सारखं वर उचलून धरती. मागचं वर म्हून पुढचं खाली, म्हंजे दात कायम खाचेकडं दाबलेला. पातं पूर्ण उघडलं की खाच दातासमोर येती, दात आत पडतोय, 'टक्क'. डावी दाढ. आता पाठीवर कितीबी रेटा द्या, पातं मिटत न्हाई. मिटवायचं तर मुठीच्या मागच्या बाजूला, शेपटीकडं, बाजू जरा खोलगट कापून दांडी उघडी ठेवलेली असती. तिथं अंगठ्यानं दाबायचं. मागचं खाली, पुढचं वर, दात बाहेर, चाकू बंद. तेल घालायचं ते पात्याच्या खिळ्याला एक थेंब. दाताला न्हाई. दाताला कोरडंच आवडतंय.

चाचा म्हणायचा, हा खटका खोटं बोलत न्हाई. आन मला वाटायचं, हाव, खरंय.

गेल्या पावसाळ्यात दुपारच्या टायमाला एक बाई आली. पन्नाशीची, कमरेला कापडी पिशवी, अंगठ्याशेजारच्या बोटावर जखमेचा ताजा गुलाबी वण. तिनं पिशवीतून चाकू काढला, काउंटरवर ठेवला आन म्हणली, "ह्यानं माझं बोट खाल्लं."

ती मंगलमावशी. औशाच्या पुढं एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधायची. बांधायची म्हंजे तिकडच्या सगळ्या बायांना तिनंच शिकवलेलं. गावठी आंब्याच्या रोपाचा शेंडा कापायचा, त्या खुंटाला वरून उभी फट पाडायची, केशरच्या काडीला पाचरीसारखी दोन्हीकडून तासून त्या फटीत बसवायची आन प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. चाकू चाचाच्या हातचा, पाठीवरच्या खटक्याचा, मागचा हंगाम सरता सरता नेलेला. त्याच्या आधी ती साधा वापरायची.

चाचानं चाकू उघडला. टक्क. पात्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर ठेवून दाबली. जोरात दाबली. मग ठोकळ्यावर आपटली. पातं जागचं हललं न्हाई. चाचानं माझ्याकडं दिला, मी उघडला, ऐकला. आवाज एकदम स्वच्छ. मी बी आपटून बघितला. काही न्हाई.

चाचा म्हणला, बाई, खटका मजबूत हाय. दाबताना तुमचाच हात मागच्या दांडीवर पडला असंल.

"म्हंजे मी खोटं बोलून राहिले?"

चाचा म्हणला, खोटं न्हाई, चूक. माणसाची चूक होती.

"चाचा," मंगलमावशी म्हणली, "तुमच्या दुकानात जेवढे चाकू टांगलेत ना, त्याच्यापेक्षा जास्त खुंट मी जेवायच्या आधी चिरते. मला चाकू धरायला शिकवू नका."

मग तिनं सगळं सांगितलं. जखम भरली होती. पण हात भरला नव्हता. खुंटाला फट पाडली की पातं त्यात अडकतंय, मूठ वर उचलून ते काढावं लागतंय. ती उचलतानाच चाकूनं तिचं बोट खाल्लं होतं. आता उचलायची वेळ आली की तिचा हात आपोआप थांबतोय. ती थांबती तेवढ्यात फट सुकती, काडी धरत न्हाई. तिनं बांधलेली कलमं मरून राहिली होती. जिनं सगळ्यांना शिकवलं तिचीच. नर्सरीच्या मालकानं तिला खुंटावरून उठवलं आन माती भरायच्या पिशव्यांवर बसवलं. हंगाम सरायच्या आत हात बसला न्हाई तर ती कायमची पिशव्यांवर, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

चाचा म्हणला, दुसरा चाकू न्या, तसाच न्या. तिनं हात जोडले.

"दुसरा नेऊन काय करू? त्याला बी खटकाच हाय ना. ह्यानं का खाल्लं ते सांगा, तवा माझा हात उठंल."

चाकू तिथंच ठेवून ती एसटी पकडायला गेली.

चाचाचा तो दिवस वाया गेला. चाकू पाण्यात बुडवून बघितला, माती लावून बघितला, खाचेत भुसा भरून बघितला. एकदाबी मिटला न्हाई. मी मधीच मंगलमावशीच्या आवाजात 'मला चाकू धरायला शिकवू नका' म्हणलो तर चाचानं चाकू माझ्या हातात दिला. मग म्हणला, "तू जा. देख के आ. मेरेकू कुछ मत बोल, बस देख के आ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो. औशाच्या पुढं फाट्यावर उतरलं की नर्सरीची हिरवी जाळी दिसती. जाळीखाली बाया ओळीनं बसलेल्या, रोपांच्या पिशव्या पुढं, चाकू हातात, तोंडं चालू. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आधी माझ्याकडून नकला करून घेतल्या. त्यांनी मालकाची पोट पुढं काढून ओरडायची सवय सांगितली, मी ती लगेच करून दाखवली. सगळ्या हसल्या आन एकदम गप्प झाल्या, तवाच मला कळलं मालक मागं हाय. भला माणूस, एवढंच म्हणला की आवाज ठीक हाय, पण माझं पोट एवढं न्हाई.

मंगलमावशी कडंला माती आन शेणखत कालवून पिशव्या भरत होती. मी चाकू पुढं केला आन म्हणलो, एकच खुंट चिरून दाखव. ती न्हाई म्हणली. मी म्हणलो, मी चाचा न्हाई, मला काहीच येत न्हाई, म्हून तर आलो. मग ती उठली, हात धुतले, चाकू उघडला. टक्क. स्वच्छ.

आन त्याच्यानंतर तिनं जे केलं ते तिनं न बघताच केलं, आपण चप्पल घालताना बघत न्हाई तसं. कमरेच्या पिशवीतून कलम बांधायची प्लॅस्टिकची पट्टी काढली, दातात धरून ताणली, आन मुठीच्या मागच्या भागावर घट्ट वेढे दिले. वर गाठ.

मी म्हणलो, मावशी, हे काय?

ती म्हणली, पट्टी. सगळ्याच बांधतेत. दिवसभर धरल्यावर मागं तळहाताला टोचतंय, फोड येतेत. मी ओळीकडं बघितलं. खरंच, प्रत्येकीच्या चाकूला मागं पट्टी. पण त्या सगळ्यांचे चाकू साधे होते, पाठीवर दांडीच न्हाई. त्यांनी पट्टी बांधली काय आन न्हाई बांधली काय. मंगलमावशीनं बी साध्या चाकूला वर्षानुवर्षं तशीच बांधलेली. नवीन चाकू आला, सवय तीच राहिली. आन पट्टी बरोबर त्या खोलगट जागेवरच, कारण टोचत होती ती त्याच जागेची कड.

"मग दुकानात आणला तवा ही पट्टी कुठं होती?"

"सोडली की. दुकानात न्यायचा म्हून धुऊन पुसून आणला. कल्हईला भांडं देताना बी आपण घासूनच देतो."

मी तिला हात थांबवायला सांगितला. चाकू तिच्या हातातून घेतला आन पातं बोटानं हळूच वरखाली हलवलं. आत काहीतरी 'किच' बोललं. एवढंसं. हा आवाज मी दुकानात कधी ऐकला नव्हता. घट्ट पट्टीनं मागची दांडी खाली दाबून धरली होती. मागचं खाली म्हून पुढचं वर, दात खाचेच्या पार काठावर आलेला, बाहेर निसटायच्या बेतात. धारेनं कापा, काही होणार न्हाई. पण फटीत अडकलेलं पातं काढायला मूठ वर उचलली की लाकूड पात्याला धरून ठेवतंय, मूठ एकटीच वर येती, म्हंजे पातं मिटायच्या बाजूला. वॉचमन झोपलेला न्हाई, मावशीनंच त्याला खुर्चीला बांधला होता.

मी मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली, बोटं पात्याच्या वाटंतून बाजूला, आन पात्याची पाठ जाळीच्या खांबाला टेकवून दाबली. चाकू मिटला. पुऱ्या ओळीसमोर.

बायांनी आपापल्या चाकूच्या पट्ट्या बघितल्या. मंगलमावशीनं चाकू घेऊन पट्टीची गाठ सोडली.

"म्हंजे चूक माझीच," ती म्हणली.

मी म्हणलो, अर्धी. पट्टी तू बांधली. पण टोचणारी कड चाचानं ठेवली. टोचलंच नसतं तर बांधली कशाला असती?

"हे चाचाला सांगायची हिंमत हाय का?"

मी म्हणलो, माझ्या आवाजात न्हाई.

आन खरंच, दुकानात येऊन मी चाचाला सगळं मंगलमावशीच्या आवाजात सांगितलं. अर्धी चूक तुमची, हे वाक्य तर तिनं म्हणलंच नव्हतं, तरी तिच्याच आवाजात म्हणलो. चाचानं मला हाणलं न्हाई. त्यानं पट्टी मागितली, स्वतः वेढे दिले, पाठ ठोकळ्यावर ठेवून दाबली. चाकू मिटला. पट्टी सोडली, परत दाबली. न्हाई मिटला. परत बांधली. मिटला.

मग चाचानं तो चाकू मुठीत धरला आन नुसता धरून बसला. गिऱ्हाईक आलं, मी बघितलं. दुसरं आलं, मी बघितलं. चाचा चाकू धरूनच. अर्धा दिवस गेला तवा त्यानं हात उघडला आन तळहात मला दाखवला. शेपटीकडच्या बाजूला लाल वळ उठला होता.

"अपन चाकू दो मिनिट पकडते," चाचा म्हणला. "वो दिनभर पकडती. मेरेकू मालूमच नै था."

एवढी वर्षं चाकू बनवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, ह्याचं मला हसू यायला पाहिजे होतं. आलं न्हाई. असले किती चाकू किती गावांत गेले असतील, कुणी मागं चिंधी बांधली असंल, कुणी सायकलची ट्यूब चढवली असंल. म्हून हे वाचणाऱ्यांना सांगतो. पाठीवर खटका असलेला चाकू तुमच्याकडं असला तर मुठीला काहीबी गुंडाळू नका. टोचत असला तर ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडं न्या, आन धुऊन पुसून नेऊ नका, वापरता तसाच न्या.

चाचानं मंगलमावशीचा चाकू पूर्ण खोलला. खोलगट जागेच्या कडा कानशीनं घासून घासून अशा गोल केल्या की बोट फिरवलं तर साबणासारखं वाटावं. मग त्या जागेच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या पातळ भिंती उभ्या केल्या, दांडीपेक्षा जरा उंच. आता अंगठ्याचं टोक आत जाऊन दांडी दाबू शकतंय, पण वरून पट्टी बांधली तर ती भिंतींवरच टेकती, दांडीला शिवत बी न्हाई. बसवल्यावर मला म्हणला, ऐक. मी ऐकला. मी म्हणलो, चाचा, स्वच्छ बोलतोय. चाचा म्हणला, उद्या दोघं जाऊ.

गफूरचाचा दुकान बंद ठेवून कुठं जातोय, हे बोळीतल्या लोकांनी पहिल्यांदाच बघितलं. एसटीत त्यानं चाकू आतल्या खिशात ठेवला आन सारखा वरून हात लावून बघत राहिला.

मालकाला सांगितलं, तर तो म्हणला, मला चाकूचं काय, मला तिची कलमं जगलेली पाहिजेत. करू दे तिला. बाया आपापलं काम सोडून बघायला लागल्या. चाचानं मंगलमावशीला भिंती दाखवल्या, कड दाखवली. तिनं बोट फिरवलं, मान हलवली. चाकू उघडला, खुंटाचा शेंडा कापला, फट पाडली. पातं अडकलं. उचलायची वेळ आली.

हात थांबला.

तिनं ओठ दाबले, परत प्रयत्न केला, हात उठला न्हाई. चाकू चांगला झाला होता, तिचा हात झाला नव्हता. कुणाचा आवाज काढून हे सुटणार नव्हतं.

चाचा तिच्या शेजारी मातीत बसला. तिच्या हातातून मूठ घेतली. तिच्या पिशवीतून पट्टी काढून मुठीवर गच्च वेढे दिले, तिनं दिले असते त्याच्यापेक्षा गच्च. मग अंगठ्याशेजारचं स्वतःचं बोट बरोबर तिथं ठेवलं, जिथं पातं येऊन पडलं असतं. त्याला बारकी सरळ फट पाडता येत नव्हती, खुंट कसा धरायचा ते बी कळत नव्हतं. तरी त्यानं पातं खोल दाबलं, चांगलं अडकू दिलं.

"देखो बाई," चाचा म्हणला, "मेरी उंगली, मेरा चाकू."

आन मूठ वर उचलली. एकदा न्हाई निघालं. जोर लावून परत उचलली. पातं सुटून वर आलं, सरळच्या सरळ. चाचानं बोट सगळ्यांना दाखवलं न्हाई, तिलाच दाखवलं. पट्टी सोडली आन चाकू तिच्यापुढं धरला.

मंगलमावशीनं तो खुंट उपटून फेकला. म्हणली, हे काय चिरलंय का कुरतडलंय. दुसरं रोप पुढं ओढलं. फट पाडली. पातं अडकलं, हात थांबला, पण थोडाच. उचलली. काडी बसली. पट्टी बांधली. तिसऱ्याला त्याहून कमी थांबला. चाचा श्वास धरून तिच्या बोटाकडं बघत होता, मी चाचाकडं. त्याच्या पुढची रोपं मी मोजली न्हाईत. मधीच एका पोरीनं कलम सैल बांधलेलं मावशीला दिसलं, आन ती तिच्यावर सुरू झाली, की तुला किती डाव सांगितलं, पाणी शिरलं की काडी कुजती, तुझ्या आईनं वेणी तरी अशी बांधली असती का. बोलता बोलता तिनं फट पाडली, मूठ उचलली, पातं निघालं, काडी बसवली. तोंड पोरीकडं. चाकूकडं तिनं बघितलंच न्हाई.

चाचानं श्वास सोडला. त्याला वाटलं असंल आता दोन शब्द चांगले ऐकायला मिळतील. तो तसाच मातीत बसून वाट बघत राहिला.

"काय बसून राहिलाव चाचा," मंगलमावशी म्हणली, "पट्ट्या कापून द्या मला."

चाचानं इकडं तिकडं बघितलं, शेजारणीकडून कात्री मागून घेतली, आधी सवयीनं तिची धार अंगठ्यावर बघितली, आन पट्ट्या कापायला लागला.